पागोट्यांची शिडे : आंग्र्यांचे आरमार आणि संगणकावरचा समतोल

१/
मार्च १७५५ संपत आला होता. हर्णैसमोर सुवर्णदुर्गाच्या आश्रयाने नांगरलेल्या तुळाजी आंग्रे यांच्या आरमाराला इंग्रजांची चाहूल लागली आणि त्याने नांगराचे दोर सोडून दर्याची वाट धरली. वारा जवळजवळ पडलेला होता. वल्ही मारणाऱ्या गलबतांनी मोठ्या गुराबांना ओढण्यास आरंभ केला. खलाशांनी जहाजे हलकी करण्यासाठी नको ते सामान समुद्रात टाकले. उरलासुरला वारा धरता यावा म्हणून त्यांनी डोकीवरची पागोटी, अंगावरची वस्त्रे, हाती येईल ते कापड डोलकाठ्यांवर चढवले.

२/
कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. पाठलाग करणारे जहाज होते कमोडोर विल्यम जेम्स याचे ४४ तोफांचे ‘प्रोटेक्टर’. संध्याकाळपर्यंत धावूनही त्याला हे आरमार गाठता आले नाही. जेम्स मागे फिरला आणि त्याने आपला मोर्चा सुवर्णदुर्गाकडे वळवला.
आता हा प्रसंग संगणकावरच्या एखाद्या युद्धखेळात घालायचा झाला, तर त्या दिवशी जिंकले कोण असे दाखवायचे? पळालेले आरमार, की रिकाम्या हाताने परतलेला इंग्रज? हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

३/
युद्धखेळांच्या जगात एक जुने भांडण आहे. एक पक्ष वास्तवाचा. त्याच्या मते शस्त्रे, भूमी, हवा आणि माणसे जशी होती तशीच पडद्यावर वागली पाहिजेत. दुसरा पक्ष समतोलाचा. त्याच्या मते दोन्ही खेळाडूंना जिंकण्याची वाजवी संधी हवी. ती नसेल तर खेळाला बसायचे कशाला?
बुद्धिबळात समतोल जवळपास पूर्ण आहे : सोळा मोहरी इकडे, सोळा तिकडे. प्रत्यक्ष लढाई मात्र अशी मांडली जात नाही. सेनापतीचे सारे कौशल्य समतोल मोडण्यातच असते. गनिमी कावा ही तर समतोल नाकारण्याचीच विद्या.

४/
हे भांडण संगणकाहून पुष्कळ जुने आहे. प्रशियाच्या तोफखान्यातील एक तरुण अधिकारी, गेओर्ग फोन राइसविट्झ, याने १८२४ मध्ये ‘क्रीगश्पील’ म्हणजे युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर चाले. माऱ्याचा परिणाम फासे ठरवीत. पण त्या फाशांमागे बंदुकांच्या प्रत्यक्ष चाचण्यांतून आलेली आकडेमोड होती. मध्ये पंच बसे आणि प्रत्येक खेळाडूला शत्रूचे तेवढेच सैन्य दाखवी, जेवढे रणांगणावर दिसले असते.

५/
पुढे नियमांचे तक्ते वाढत गेले आणि खेळ त्यांच्या भाराखाली मंदावला. तेव्हा १८७६ मध्ये युलियस फोन वेर्डी द्यू व्हेर्नोआ याने तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवण्याची रीत मांडली.
या दोन्ही रीतींत एक गोष्ट समान होती. दोन्ही बाजू सारख्या असाव्यात असा आग्रह कोणीच धरला नाही. खेळ शिकवण्यासाठी होता. दुबळ्या बाजूने कसे वागावे हेही शिकवायचेच होते. समतोलाचा आग्रह आला तो खेळ दुकानात विकला जाऊ लागल्यावर. पैसे मोजून घेतलेल्या खेळात हरण्याचीच खात्री असणे कोणाला आवडेल?

६/
संगणकाने या आग्रहाला एक सोपे साधन दिले : गुणांची बाजारपेठ. प्रत्येक बाजूला ठराविक गुण मिळतात आणि त्यांतून ती आपले सैन्य विकत घेते. ‘कॉम्बॅट मिशन’सारख्या दुसऱ्या महायुद्धावरच्या डावपेची खेळांत ही पद्धत रुळलेली आहे. भारी रणगाडा महाग, साधी पायदळाची तुकडी स्वस्त. दोघांचे गुण समान, म्हणजे लढाई समान.
हिशेब चोख दिसतो. तो कोकणच्या किनाऱ्यावर आणला की काय होते, ते पाहण्यासारखे आहे.

७/
समजा, रत्नागिरीतल्या एका घरी दोघे भाऊ असा खेळ खेळायला बसले आहेत. थोरल्याने जेम्सची बाजू घेतली, धाकट्याने तुळाजींची. दोघांना शंभर-शंभर गुण. थोरल्याने सगळे गुण एका ‘प्रोटेक्टर’वर घातले. धाकट्याला त्याच गुणांत काही गुराबा आणि बरीच गलबते मिळाली.
खेळाच्या कर्त्यापुढचा पहिला प्रश्न हा की गलबताची किंमत किती ठेवावी? तिचे उत्तर शोधण्यासाठी आधी ते जहाज काय होते, हे नीट पाहायला हवे.

८/
ऑर्मने आंग्र्यांच्या जहाजांचे बारकाईने वर्णन केले आहे. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोनांची १५० टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, पण पुढे निमुळती होत गेलेली. आणि नाळ भूमध्य समुद्रातील वल्ह्यांच्या जहाजांसारखी पुढे आलेली. या नाळेकडे तोंड करून मुख्य तक्तपोशीवर ९ ते १२ पौंडी गोळ्याच्या दोन तोफा असत. बाजूच्या तोफा त्यांहून लहान.
युरोपीय जहाजाचे बळ त्याच्या दोन्ही कुशींत, गुराबेचे बळ तिच्या तोंडात.

९/
गलबत त्याहून लहान. मोठ्यातले मोठे ७० टनांच्या आसपास. दोन डोलकाठ्या, ४० ते ५० वल्ही, आणि ताशी चार मैलांपर्यंत वल्हवण्याचा वेग. तोफा सहा-आठ, त्याही दोन ते चार पौंडी गोळ्याच्या. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते, माणसांनी खचाखच भरलेली : हा आंग्र्यांच्या मुख्य आरमाराचा ऑर्मने दिलेला आकार आहे.
केवळ तोफांची वजने मोजली तर असे गलबत ‘प्रोटेक्टर’पुढे काहीच नाही. गुणांच्या बाजारात त्याची किंमत नगण्य ठरेल.

१०/
पण लढण्याची रीत पाहावी. सावज दिसले की आरमार बंदरातून निघे. वारा असला तर शिडांवर. नसला तर गलबते गुराबांना दोराने ओढीत नेत. तोफेच्या टप्प्यात आल्यावर सारी जहाजे सावजाच्या पिछाडीला जमत. तेथे त्याच्या बाजूच्या तोफा पोचत नसत. मग गुराबांच्या नाळेवरच्या तोफा आधी डोलकाठ्यांवर मारा करीत. जहाज लंगडे झाले की चारही बाजूंनी जवळ जाऊन भडिमार. तरीही ते शरण येत नसेल, तर प्रत्येकी दोन-तीनशे माणसांनी भरलेली गलबते त्याला भिडत आणि तलवारी घेतलेली माणसे तक्तपोशीवर चढत.

११/
ही रीत कागदावरची नव्हती. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजी आंग्रे यांच्या आरमाराने कंपनीचे ‘डर्बी’ हे मोठे व्यापारी जहाज पकडले. १७४९ मध्ये तुळाजींनी ‘रेस्टोरेशन’ हे कंपनीचे सशस्त्र जहाज घेतले. १७५४ मध्ये त्यांनी ५०, ३६ आणि १८ तोफांच्या तीन डच जहाजांशी झुंज दिली. दोन मोठी जाळली आणि तिसरे ताब्यात घेतले.
म्हणजे नगण्य किमतीचे गलबत योग्य वेळी ५० तोफांच्या जहाजाचा काळ ठरू शकत होते. खेळाच्या कर्त्याची खरी अडचण येथे, या ‘योग्य वेळी’ या दोन शब्दांत आहे.

१२/
कोकणच्या मुलांना शाळेच्या भूगोलातच खारे वारे आणि मतलई वारे भेटतात. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून खारा वारा येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारा समुद्राकडे वाहतो. या दोहोंच्या बदलाच्या वेळी मध्ये एक निवांत काळ येतो. शिडे लोंबतात. सर्वस्वी शिडांवर अवलंबून असलेले मोठे जहाज त्या वेळी जागच्या जागी उभे राहते. त्याला तोंडही फिरवता येत नाही. वल्ह्यांचे गलबत मात्र हवे तेथे जाते, आणि त्याला हवी असते ती जागा म्हणजे शत्रूची पिछाडी.
पुन्हा वारा सुटला की पारडे फिरते.

१३/
तेव्हा गलबताची किंमत एक नाही. निवांत काळात ती शंभर, भर वाऱ्यात पाच. किंमत जहाजात नसून घटकेत आहे. समान गुणांचा हिशेब येथे पहिल्यांदा फसतो.
खेळाच्या कर्त्याने वारा खराखुरा ठेवला, तर दोघा भावांपैकी एक जण नेहमीच वैतागेल. वारा पडला की थोरला म्हणेल, हा अन्याय आहे. माझे जहाज हलतच नाही. वारा सुटला की धाकटा म्हणेल, दादा, आता खेळण्यात काय अर्थ आहे? शिवाय वाऱ्याची वाट पाहत तासन्तास रिकाम्या समुद्राकडे बघत बसण्याची तयारी दोघांचीही नसेल.

१४/
म्हणून बहुतेक कर्ते मधली वाट काढतात. वारा कधीच पूर्ण पडत नाही आणि कधीच फार सुटत नाही. मोठे जहाज थोडे चपळ केले जाते, लहान थोडे बळकट. तक्रारी थांबतात.
पण आता पडद्यावर जे लढते ते गलबतही नाही आणि ‘प्रोटेक्टर’ही नाही. दोन्हीकडे नावे निराळी असलेली एकाच जातीची जहाजे आहेत. ज्या फरकातून आंग्र्यांची सारी युद्धविद्या जन्मली, तोच फरक घासून सपाट झाला. धाकटा जिंकेलही, मात्र जिंकताना तुळाजींच्या तांडेलांना जे करावे लागले त्यातले त्याने काहीच केलेले नसेल.

१५/
हर्णैच्या प्रसंगातली आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या दिवशी जेम्सच्या बाजूने पेशव्यांचे आरमारही होते : ऑर्मच्या नोंदीनुसार सात गुराबा आणि साठ गलबते. तोवर ही जहाजे इंग्रज जहाजांपेक्षा वेगाने चालत आली होती. पाठलाग सुरू होताच ती मागे राहिली. ऑर्म याचे कारण भीती असे देतो. ते सर्वस्वी मान्य करण्याची गरज नाही. समोरच्या जहाजांवरही त्याच किनाऱ्याची माणसे होती. त्यांच्यावर चालून जाण्याचा उत्साह कमी असणे हेही संभवते.
कोणत्याही कोष्टकात अशा साठ गलबतांचा वेग तोच लिहिला जाईल, जो सुवर्णदुर्गाच्या गलबतांचा. ती मागे का राहिली, हे कोष्टक सांगणार नाही.

१६/
येथे समतोलाच्या हिशेबातली दुसरी आणि अधिक खोल चूक दिसते. समतोल म्हणजे दोन बाजूंचा समतोल. पण बाजू किती होत्या?
‘एम्पायर : टोटल वॉर’ हा २००९ साली आलेला खेळ मराठी तरुणांना विशेष प्रिय, कारण अठराव्या शतकावरच्या त्या खेळात मराठे ही खेळता येण्याजोगी सत्ता आहे. खेळाडू साऱ्या मराठी मुलखाचा एकच धनी असतो. त्याचा हुकूम किल्ल्यापासून जहाजापर्यंत सारखा चालतो. मराठी सैन्य घेऊन युरोपच्या राजधान्या जिंकल्याची चित्रे मोठ्या हौसेने दाखवली जातात, आणि त्या हौसेत वावगे काही नाही.

१७/
प्रत्यक्षात १७५५ मध्ये असा एकच धनी नव्हता. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये निवर्तले. त्यांच्यामागे सेखोजी आले; ते १७३३ मध्ये गेले आणि घराण्यात फूट पडली. कुलाब्याला मानाजी, दक्षिणेच्या बाजूला संभाजी व त्यांच्यानंतर तुळाजी. तुळाजी पेशव्यांची सत्ता मानीत नव्हते आणि पेशव्यांच्या मुलखालाही त्यांच्यापासून उपद्रव होत होता. नानासाहेब पेशव्यांच्या दृष्टीने ते बंडखोर सरदार होते. मुंबईकर इंग्रजांशी करार करून त्यांना वाकवणे हे पुण्याहून पाहणाऱ्याला घरचा बंदोबस्त वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

१८/
आता लढाईकडे परत यावे. एप्रिलच्या पहिल्या दिवसांत जेम्सने सुवर्णदुर्गावर मारा सुरू केला. प्रथम दर्याच्या बाजूने, मग बेट आणि किनारा यांच्यामधल्या अरुंद पाण्यातून. त्या दुसऱ्या दिवशी एक गोळा किल्ल्यातील गवताने शाकारलेल्या घरावर पडला. ते पेटले. आग दारूच्या कोठारापर्यंत पोचली आणि कोठार उडाले. थोड्याच वेळात किल्ल्याचा प्रतिकार संपला. लगोलग बाणकोटही शरण आले. मराठी बाजूचा आग्रह होता की तसेच पुढे जावे. पण पावसाळा जवळ येत होता आणि मुंबईकरांनी जहाजे परत बोलावली.

१९/
पुढच्या हंगामात, १२ फेब्रुवारी १७५६ रोजी, ॲडमिरल चार्ल्स वॉटसन याचे आरमार विजयदुर्गासमोर उभे राहिले. बरोबर फौजेसह रॉबर्ट क्लाइव्ह होता. तुळाजींचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाने खाडीत एकत्र बांधून ठेवलेले होते. भडिमारातला एक गोळा त्यांपैकी एका जहाजावर पडला आणि ते पेटले. ते जहाज होते ‘रेस्टोरेशन’, सात वर्षांपूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेले. आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली. कान्होजींच्या काळापासून उभे राहत आलेले आरमार थोडक्या वेळात जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

२०/
दोन वर्षांत दोन गोळे, दोन आगी, दोन किल्ले. खेळात असे घडले तर धाकटा भाऊ काय म्हणेल? फाशात खोट आहे, असेच म्हणेल. एका गोळ्याने डाव संपावा, हे समतोलाच्या कोणत्याच नियमात बसत नाही. कर्ता मग अशा आगीची शक्यता इतकी घटवील की ती शंभर डावांत एकदाही लागणार नाही. तेही वास्तवाला धरून होणार नाही, कारण प्रत्यक्षात ती लागोपाठच्या दोन हंगामांत लागली.
हे निव्वळ दैव होते का, हा खरा प्रश्न.

२१/
एका विशिष्ट गोळ्याने एका विशिष्ट छपरावर पडणे हे दैव. पण किल्ल्यात गवती छपरे असणे, लाकूड, डांबर, दोरखंड आणि शिडांनी भरलेली जहाजे खाडीत एकमेकांना खेटून उभी असणे, आणि त्यांच्यावर तासन्तास गोळे पडत राहणे, यात आग लागणे हे दैव राहत नाही. विचारायचे ते हे की सगळे आरमार त्या दिवशी खाडीत कोंडलेले का होते? उघड्या दर्यात वॉटसनच्या ‘केंट’, ‘कंबरलँड’, ‘टायगर’ यांच्यासारख्या मोठ्या युद्धनौकांशी सामना अशक्य होता. आणि जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज येऊन ठेपलेली असल्यामुळे निसटून आश्रय घ्यायला किनारा उरला नव्हता. आरमार पेटण्याआधीच त्याची वाट बंद झाली होती.

२२/
खुद्द तुळाजी लढाईच्या वेळी किल्ल्यात नव्हते. ते बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेले होते आणि तेथेच अडकले. पुढचे आयुष्य त्यांनी कैदेत काढले. आणि किल्ला मराठ्यांच्या हाती जाऊ नये म्हणून क्लाइव्हने आपली माणसे आधीच किनाऱ्यावर उतरवली. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. त्याच वर्षीच्या तहाने त्यांनी विजयदुर्ग पेशव्यांना दिला आणि बाणकोट आपल्याकडे ठेवले.
आता या लढाईत बाजू किती? तीन तरी. दोन भावांचा खेळ येथे पुरत नाही. तिसरा खेळाडू हवा, आणि तो सर्वांत अवघड जागी बसलेला असेल.

२३/
कारण त्या तिसऱ्या खेळाडूला नानासाहेबांचे अज्ञान देता येत नाही. वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गानंतर त्याच वर्षी बंगालकडे निघाले. जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता परत घेतले गेले आणि जूनमध्ये प्लासी झाली. हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. नानासाहेबांना १७५५ मध्ये ठाऊक नव्हते. त्यांच्यासमोर होती मुंबईची एक व्यापारी कंपनी, आणि घरातला एक न ऐकणारा सरदार.
खेळाडू पहिल्याच चालीत तुळाजींशी समेट करील आणि स्वतःला पेशव्यांपेक्षा शहाणा समजेल. तोफांचे पल्ले कितीही अचूक असोत, या एका ठिकाणी प्रत्येक ऐतिहासिक खेळ अवास्तव असतो.

२४/
समतोल नसलेल्या युद्धाचे एक टोक खुद्द रत्नागिरीत उभे आहे. नोव्हेंबर १८८५ मधले तिसरे इंग्रज-ब्रह्मी युद्ध दोन-तीन आठवड्यांत संपले. पराभूत राजा थिबा याला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ मध्ये तो येथेच वारला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा आजही शहरात आहे.
या युद्धाचा समतोल खेळ करायचा तर ब्रह्मी बाजूला नसलेल्या तोफा आणि नसलेली जहाजे द्यावी लागतील. तो खेळ रंगेल. पण त्या राजवाड्याच्या सज्जात तीस वर्षांच्या परागंदा आयुष्याकडे पाहत बसलेला माणूस तेथे कसा आला, हे त्यातून कधीच कळणार नाही.

२५/
मग वास्तव हवे असेल तर खेळच सोडून द्यावा का? तसे नाही. १९४२ मध्ये लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स याने ब्रिटिश नौदलाची एक डावपेच शाळा चालवली. जमिनीवर आखलेल्या चौकटींत जहाजे ठेवली जात. खेळणारे अधिकारी पडद्याआडून, बारीक फटीतून, दिसेल तेवढेच पाहत. जहाजे हलवणाऱ्यांत नौदलाच्या महिला दलातील तरुणी होत्या. या खेळातून उलगडले की जर्मन पाणबुड्या मालवाहू ताफ्यात मागून, पिछाडीने शिरतात. त्यावर प्रतिडाव बसवला गेला.
पिछाडीचे महत्त्व आंग्र्यांच्या तांडेलांना दोनशे वर्षे आधी माहीत होते. खेळातून ते पुन्हा सापडले, कारण त्या खेळात कोणाला खूश करायचे नव्हते.

२६/
समतोलाला जागा आहेच. ती बळात शोधू नये, उद्दिष्टात शोधावी. विजयदुर्गाच्या डावात तुळाजींनी वॉटसनला बुडवावे, अशी अपेक्षाच चुकीची. त्यांचे उद्दिष्ट वेगळे ठेवावे : पावसाळा येईपर्यंत आरमार शाबूत ठेवणे, किंवा पेशव्यांशी सन्मानाने समेट साधणे. इंग्रजांचे उद्दिष्ट : हंगाम संपण्याआधी, फार जहाजे न गमावता किल्ला घेणे, तोही मित्राच्या आधी. पेशव्यांचे उद्दिष्ट : सरदाराला वाकवणे, पण आरमार आपल्या कामी येईल असे राखणे.
अशी मांडणी केली तर एकाही तोफेचे वजन खोटे लिहावे लागत नाही. तिघेही आपापल्या मापाने जिंकू शकतात, आणि तिघांनाही खरोखरचा विचार करावा लागतो.

२७/
या मापाने हर्णैच्या त्या दिवसाचा निकाल लागतो. तुळाजींचे आरमार त्या संध्याकाळी शाबूत होते; म्हणून तो डाव त्यांचा. आणि १७५६ चा निकालही लागतो. इंग्रजांनी आपले उद्दिष्ट पुरते साधले. तुळाजी सर्वस्व हरले. पेशवे विजेत्यांच्या रांगेत उभे होते. पण जे राखायचे ते जळून गेले होते. त्यानंतर त्या तोलाचे मराठी आरमार पश्चिम किनाऱ्यावर पुन्हा उभे राहिले नाही.
समान गुणांच्या खेळात या पराभवाचे उत्तर ‘आपल्या तोफा कमी पडल्या’ एवढेच मिळते. उद्दिष्टांच्या खेळात प्रश्न पेशव्यांच्या खेळाडूसमोर येऊन थांबतो, आणि तेथे तोफा मोजून काही हाती लागत नाही.

२८/
तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या युद्धखेळात मराठे हरले म्हणून कोणी कर्त्याला दोष देईल, किंवा जिंकले म्हणून पाठ थोपटील, तेव्हा विचारावे : जिंकणे म्हणजे काय, हे या खेळात कोणी ठरवले?
आणि हर्णैला जाणाऱ्याने सकाळच्या उत्तरार्धात किनाऱ्यावर थोडा वेळ थांबावे. मतलई वारा संपलेला असतो, खारा वारा अजून सुटलेला नसतो, आणि समोर सुवर्णदुर्गाचा तट पाण्यात स्थिर दिसतो. कोणत्याही पडद्यावर त्या अर्ध्या तासाला किंमत नसते. ज्यांनी डोक्यावरची पागोटी उतरवून डोलकाठीला बांधली, त्यांना ती नेमकी ठाऊक होती.
(धागा समाप्त)